नगरसेवकाची निवडणुकीतली कारकीर्द कशी तपासायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणूक जवळ आली की चौकाचौकात बॅनर लागतात: 'सलग चार टर्म', 'प्रभागाचा बालेकिल्ला', 'विक्रमी मतांनी विजयी'. यातलं किती खरं आणि किती फुगवलेलं, हे मतदाराला कागदावरून तपासता येतं. ही प्रश्नोत्तरं महाराष्ट्रातल्या नगरपरिषद आणि नगरपंचायत असलेल्या शहरांसाठी आहेत. या संस्थांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली चालतो. महानगरपालिकांचे कायदे वेगळे आहेत, त्यामुळे त्यांचा विषय इथे घेतलेला नाही.

आमचे नगरसेवक 'चार टर्म निवडून आलो' म्हणतात. ते कसं पडताळायचं?

आधी प्रत्येक टर्मचं वर्ष लिहून काढा. मग वर्षासमोर प्रभाग कोणता, जागा खुली होती की राखीव, चिन्ह कोणतं, मतं किती आणि दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं, एवढं भरा. ज्या वर्षासमोर मतांचा आकडा लिहिताच येत नाही, तिथे थांबून चौकशी करा.

बरेचदा असं निघतं की चारपैकी दोन वेळा माणूस स्वतः निवडून आला, एकदा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला म्हणून घरातल्या सौभाग्यवती उभ्या राहिल्या, आणि एकदा पराभव झाल्यावर पक्षाने स्वीकृत सदस्य म्हणून, म्हणजे मतदानाने न निवडता नेमून, सभागृहात पाठवलं. यातलं काहीच बेकायदा नाही. पण मतदाराने त्या माणसाच्या नावापुढचं बटण दोनदाच दाबलेलं असतं आणि बॅनरवर चार लिहिलेलं असतं. पोटनिवडणुकीतला विजयही असाच पाहावा. तो विजय खराच, पण मुदत उरलेल्या काळापुरतीच असते. वर्षभराच्या कामाला 'टर्म' म्हणून मोजलं तर पाच वर्षं पूर्ण काम केलेल्या सदस्यावर अन्याय होतो.

प्रभाग क्रमांक तोच आहे, मग दोन निवडणुकांच्या मतांची थेट तुलना करता येईल ना?

नाही. क्रमांक तोच राहतो, हद्द बदलते. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीआधी लोकसंख्येनुसार नवी प्रभाग रचना होते. मागच्या वेळी नदीपलीकडची वस्ती तुमच्या प्रभागात असेल, या वेळी ती शेजारच्या प्रभागात गेली असेल. शिवाय एका प्रभागातून किती सदस्य निवडायचे, हेही बदलत आलं आहे. २०१६ पासून नगरपरिषदांमध्ये साधारणपणे द्विसदस्यीय प्रभाग आहेत, तर नगरपंचायतीत १७ प्रभाग आणि प्रत्येकी एकच सदस्य. एकसदस्यीय वॉर्डात ४०० मतांनी जिंकणं आणि दुप्पट मतदारांच्या प्रभागात ४०० मतांनी जिंकणं यात मोठा फरक आहे.

म्हणून प्रभाग रचनेची अंतिम अधिसूचना आणि नकाशा पाहा. त्यात उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चतु:सीमा रस्त्यांच्या आणि घरांच्या खुणांसह लिहिलेल्या असतात. जुना आणि नवा नकाशा शेजारी ठेवला की कोणती गल्ली कुठे गेली ते दिसतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय 'मागच्यापेक्षा मतं वाढली' या वाक्याला काही अर्थ राहत नाही.

दर वेळी वेगळ्या प्रभागातून उभं राहणाऱ्याला 'पळपुटा' म्हणावं का?

सरसकट म्हणू नये. नगरपरिषदेच्या मतदार यादीत नाव असलेला माणूस शहरातल्या कुठल्याही प्रभागातून उभा राहू शकतो. आरक्षणाची सोडत निघते आणि जागा फिरतात. २०११ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्याशिवाय अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि नागरिकांचा मागास प्रवर्ग, म्हणजे ओबीसी. हातातली जागा सोडतीत गेली तर दुसरा प्रभाग शोधण्यावाचून इलाज नसतो.

मात्र जागा खुलीच असताना, मागच्या वेळी जेमतेम निवडून आल्यावर, कोणी गुपचूप सोपा प्रभाग गाठला असेल तर त्याचं उत्तर मागायला हवं. सोडतीचा निकाल कागदावर असतो, त्यामुळे सक्तीचं स्थलांतर कोणतं आणि सोयीचं कोणतं, हे पाच मिनिटांत कळतं.

निकालपत्रकात नेमकं काय बघायचं?

बहुतेक जण विजयी उमेदवाराचं नाव आणि लीड पाहून कागद मिटतात. खरी माहिती त्याच्या खालच्या ओळींत असते.

द्विसदस्यीय प्रभागात 'अ' आणि 'ब' अशा दोन जागा असतात. मतदाराला प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबायचं असतं, आणि नगराध्यक्ष थेट निवडायचा असेल तर त्यासाठी आणखी एक. कोणीच नको असेल तर त्या जागेपुरता नोटा. म्हणजे तेच मतदार, त्याच केंद्रात, त्याच मिनिटाला तीन वेगवेगळे निर्णय घेतात. इतकी चांगली तुलना दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत क्वचितच मिळते.

समजा एका पक्षाच्या 'अ' जागेवरच्या उमेदवाराला १,४१० मतं पडली, 'ब' जागेवरच्या त्याच पक्षाच्या उमेदवाराला ९८०, आणि त्याच प्रभागातून पक्षाच्या नगराध्यक्षपदाच्या उमेदवाराला ८६०. चिन्ह तिन्ही ठिकाणी तेच. म्हणजे चिन्हाची मतं साधारण ८६० ते ९८० च्या घरात आहेत, आणि 'अ' च्या उमेदवाराने त्यावर चारशेच्या वर मतं स्वतःच्या ओळखीवर, कामावर, नात्यागोत्यावर मिळवली असा अंदाज बांधता येतो. समोरच्या बाजूला कोण उभं होतं हेही पाहायचं, कारण 'अ' मध्ये विरोधक दुबळा असेल तर हे गणित बदलतं. उलट चित्र असेल, म्हणजे नगराध्यक्षाला भरघोस मतं आणि नगरसेवकपदाचा उमेदवार कसाबसा निवडून आलेला, तर त्याचा विजय पक्षाच्या लाटेतला आहे. पुढच्या वेळी लाट नसेल तर त्याचं काय होईल, हे त्यालाही ठाऊक असतं.

त्यानंतर केंद्रनिहाय मतं पाहा. पाच मतदान केंद्रांपैकी एकाच केंद्रावर भरभरून मतं आणि बाकी चार ठिकाणी पिछाडी, असं अनेकदा दिसतं. तो एका वस्तीचा नगरसेवक आहे. पाण्याची टाकी, गटार, दिवाबत्ती यांची कामं पुढे कुठे झाली ते या केंद्रांच्या यादीशी ताडून पाहा. मला स्वतःला निवडणुकीच्या सगळ्या कागदांत हा कागद सर्वांत बोलका वाटतो.

मोठं लीड म्हणजे मोठी लोकप्रियता, हे बरोबर का?

अर्धवट बरोबर. विरोधातली मतं तीन ठिकाणी फुटली तर ३५ टक्के मतांवरही दणदणीत लीड दिसतं. म्हणून लीडच्या आधी एकूण झालेल्या मतदानातला त्याचा वाटा काढा. बंडखोर अपक्षाला किती मतं गेली ती वेगळी मांडा. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, हुकल्यामुळे अपक्ष उभा राहिलेला माणूस दुसऱ्या क्रमांकावर असेल, तर पक्षाने उमेदवार निवडताना काय केलं तेही कळतं.

बिनविरोध निवड हा सर्वांत मोठा विजय मानतात. तो तसा आहे का?

बिनविरोध निवडीत मतदारांनी काहीच सांगितलेलं नसतं, कारण त्यांना विचारलेलंच नसतं. कधी खरोखरच माणूस इतका सर्वमान्य असतो की कोणी अर्ज भरत नाही. कधी छाननीत समोरच्याचा अर्ज बाद होतो. कधी माघारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी एकापाठोपाठ एक अर्ज मागे घेतले जातात. किती अर्ज आले होते, छाननीत किती बाद झाले आणि माघार किती जणांनी घेतली, हे तीन आकडे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडच्या यादीत असतात. अर्ज एकच आला असेल तर तो मान आहे. आठ अर्ज येऊन सात मागे गेले असतील, तर त्या सात जणांना शांतपणे विचारा.

स्वीकृत नगरसेवक आणि निवडून आलेला नगरसेवक यांत फरक काय?

स्वीकृत, म्हणजे कायद्याच्या भाषेत नामनिर्देशित, सदस्याला जनतेने निवडलेलं नसतं. पक्ष आणि आघाड्यांच्या संख्याबळानुसार ही नावं येतात. पालिकेच्या कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेली माणसं सभागृहात यावीत हा राज्यघटनेतल्या तरतुदीचा हेतू आहे, आणि अशा सदस्यांना सभेत मतदानाचा अधिकार नाही. पराभूत उमेदवारांची सोय लावण्यासाठी ही जागा वापरली जाते तेव्हा ज्या डॉक्टरांचा, अभियंत्यांचा, शिक्षकांचा शहराला उपयोग झाला असता त्यांची जागा जाते. याचं मला खरंच वाईट वाटतं.

'माजी नगराध्यक्ष' म्हणजे लोकांनी निवडलेला नगराध्यक्ष का?

कोणत्या वर्षातला, त्यावर ते ठरतं. महाराष्ट्रात ही पद्धत अनेकदा उलटसुलट झाली आहे. २००१ च्या निवडणुकांत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडले गेले. २००६ पासून पुन्हा नगरसेवकांमधून निवड सुरू झाली. २०१६ मध्ये नगरपरिषदांसाठी थेट निवड परत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू करण्यात आली.

नगरसेवकांमधून निवड व्हायची तेव्हा पदाची मुदत अडीच वर्षांची असे. त्यातही पक्षांतर्गत समझोत्याने सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी व्हायची. त्यामुळे एकाच शहरात पाच वर्षांत तीन-चार 'माजी नगराध्यक्ष' तयार झालेले दिसतात. थेट निवडून आलेल्या नगराध्यक्षाच्या मागे अख्ख्या शहराची मतं असतात, सभागृहातून निवडलेल्याच्या मागे नगरसेवकांचं बहुमत. दोन्ही पदं कायदेशीर आणि सन्मानाची, पण एका रांगेत बसवून तुलना करू नका.

२०१६ नंतर एकदम २०२५ ची निवडणूक दिसते. मधली कुठे गेली?

झालीच नाही. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या नगरपरिषदांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि त्यानंतर संपत गेली. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधल्या ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट महाराष्ट्राला लागू केली: आयोगाकडून मागासलेपणाचा अभ्यास, त्यावरून आरक्षणाचं प्रमाण, आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. मग या अभ्यासासाठी बांठिया आयोग नेमला गेला, जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्याच्या अहवालाच्या आधारे निवडणुका घ्यायला सांगितलं, पण त्यानंतरही वाद चालूच राहिले आणि निवडणुका अडकल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने २०२२ पूर्वीच्या ओबीसी आरक्षणानुसार निवडणुका घेण्याचे आदेश दिले. अखेर २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींची निवडणूक जाहीर झाली. बहुतेक ठिकाणी २ डिसेंबर २०२५ ला आणि राहिलेल्या ठिकाणी २० डिसेंबरला मतदान झालं, मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. अनेक नगरपंचायतींची निवडणूक मात्र डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये दोन टप्प्यांत उरकली होती, त्यामुळे त्यांचं वेळापत्रक वेगळं आहे.

मधली सुमारे चार वर्षं बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते. म्हणून 'मी २०१६ ते २०२५ अशी नऊ वर्षं नगरसेवक होतो' हा दावा चुकीचा ठरतो. त्या काळात कोणी लोकांची कामं केली असतील तर ती पद नसताना केलेली आहेत, आणि त्यांचं मोल उलट जास्त आहे.

आमच्या नगरसेवकाने तीन पक्ष बदलले. कायदा आडवा येत नाही का?

मुदत चालू असताना येतो. १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा नगरपरिषदांना लागू आहे. निकालानंतर पक्षाच्या आणि आघाडीच्या गटाची नोंद जिल्हाधिकाऱ्यांकडे होते. सदस्याने स्वतःहून पक्ष सोडला किंवा पक्षादेश डावलून मत दिलं तर त्याच्याविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अपक्ष निवडून येऊन नंतर एखाद्या पक्षात जाणाऱ्यालाही हा कायदा लागतो.

मुदत संपल्यावर मात्र कोणीही कुठेही जाऊ शकतो. लहान शहरांत 'शहर विकास आघाडी' किंवा तशाच नावाच्या स्थानिक आघाड्यांतून एकाच घराण्याची माणसं दर वेळी नव्या चिन्हावर उभी राहतात. तेव्हा चिन्हांची यादी करण्यापेक्षा, चिन्ह बदलल्यावर मतं त्याच्यासोबत गेली की जुन्या पक्षाकडे राहिली, हे पाहा.

निवडून आल्यावर पद गेलं, असं कशामुळे होतं?

कारणं अनेक आहेत. राखीव जागेवर निवडून आलेल्याने ठरलेल्या मुदतीत जात वैधता प्रमाणपत्र सादर केलं नाही, तर त्याची निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजली जाते. ही मुदत बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली, तर माणूस अपात्र ठरतो. स्वतःचं किंवा जोडीदाराचं बेकायदा बांधकाम, पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध, निवडणूक खर्चाचा हिशेब वेळेत न देणं, यांमुळेही पद जातं. शिवाय निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर दहा दिवसांच्या आत जिल्हा न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते.

एक काळजी घ्या. 'अपात्रतेचा अर्ज दाखल' आणि 'अपात्र ठरवलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विरोधक अर्ज करतात, तो फेटाळला जातो, आणि तरी गावात 'त्याचं पद जाणार होतं' ही चर्चा वर्षानुवर्षं फिरते. अंतिम आदेशाची प्रत हातात आल्याशिवाय कोणाबद्दल लिहू-बोलू नका.

निवडून बाई आल्या, कारभार पती बघतात. मग निवडणुकीचं श्रेय कोणाचं?

कागदावर आणि कायद्याने नगरसेविकेचं. मतं तिच्या नावाला पडली आहेत, सही तिची आहे, जबाबदारीही तिची आहे. म्हणून तक्रार घेऊन जाताना तिलाच भेटा, अर्ज तिच्याच नावाने लिहा, सभेत ती काय बोलली ते विचारा. मतदारांनी हा आग्रह धरला तर पुष्कळ फरक पडतो. राखीव जागेवर पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या आणि नंतर जागा खुली झाल्यावरही स्वतःच्या बळावर निवडून आलेल्या महिला अनेक शहरांत आहेत. अशी कारकीर्द दिसली तर ती ठळकपणे सांगा. पुरुषाच्या 'चार टर्म'पेक्षा ती कमी नाही.

हरलेल्या निवडणुका मोजायच्या का?

हो. दोनदा पडून तिसऱ्यांदा निवडून आलेल्याने मधली दहा वर्षं काय केलं, हे त्याच्या प्रभागात विचारा.

नोटाला सर्वाधिक मतं पडली तर?

राज्य निवडणूक आयोगाच्या नोव्हेंबर २०१८ च्या आदेशानुसार त्या जागेवर फेरनिवडणूक होते. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर नोटा वगळून सर्वाधिक मतं मिळालेल्या उमेदवाराला विजयी घोषित करतात. विधानसभा आणि लोकसभेला असा नियम नाही.

वारंवार निवडून येतो म्हणजे काम चांगलं, असं धरून चालावं का?

धरू नये. निवडणुकीचा आकडा लोकांनी पाठवलं एवढंच सांगतो, तिथे जाऊन काय केलं ते सभेच्या इतिवृत्तात असतं. महात्मा फुले १८७६ मध्ये पुणे नगरपालिकेवर आले ते सरकारनियुक्त सदस्य म्हणून, निवडून नव्हे. पण व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी नगरपालिकेने एक हजार रुपये खर्च करायचं ठरवलं, तेव्हा सभागृहात विरोधात मत देणारे ते एकटे होते. ते पैसे गरिबांच्या शिक्षणासाठी वापरावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. दीडशे वर्षांनीही तेच मत आपल्याला ठाऊक आहे.

तुमच्या नगरसेवकाचं असंच पाहा. सर्वसाधारण सभांना हजेरी किती, ठरावाला सूचक-अनुमोदक म्हणून नाव कुठे आलं, घरपट्टी वाढीच्या ठरावावर त्याने काय भूमिका घेतली, ठेक्याच्या विषयावर विरोध नोंदवला की मान डोलावली. 'विषय सर्वानुमते मंजूर' या शब्दांखाली ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांचीही नावं येतात, हे लक्षात ठेवा.

हे सगळे कागद मिळतात कुठे?

चालू निवडणुकीचे आदेश, कार्यक्रम आणि बरीच माहिती राज्य निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. १९९४ मध्ये स्थापन झालेला हा आयोग भारत निवडणूक आयोगापासून वेगळा आहे, त्यामुळे विधानसभेचे निकाल देणाऱ्या त्या आयोगाच्या संकेतस्थळावर नगरपरिषदेचे निकाल शोधत बसू नका. प्रभागनिहाय निकाल, उमेदवारांची अंतिम यादी, शपथपत्रं यांसाठी नगरपरिषदेचा निवडणूक विभाग आणि जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपरिषद प्रशासन शाखा गाठा. शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहिलेलं असतं. दोन निवडणुकांची शपथपत्रं शेजारी ठेवली की मालमत्ता किती वाढली ते दिसतं.

तोंडी मागून मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'सर्व निवडणुकांची सर्व माहिती' असं लिहू नका. 'सन २०१६ च्या सार्वत्रिक निवडणुकीतील प्रभाग क्र. ५ चे केंद्रनिहाय निकालपत्रक' असं नेमकं लिहा. इतिवृत्तासाठी वेगळा अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे.

फार जुन्या निवडणुकीचे आकडे कार्यालयात नसतील तर?

राजपत्रात विजयी सदस्यांची नावं छापलेली असतात, तिथून सुरुवात करा. मतांसाठी त्या आठवड्याचे स्थानिक वृत्तपत्रांचे अंक शहरातल्या जुन्या वाचनालयात पाहा. पूर्वी जिल्हा पानावर प्रभागनिहाय मतं सविस्तर छापून यायची. मतमोजणीला बसलेल्या जुन्या प्रतिनिधींकडेही हाताने लिहिलेले आकडे जपून ठेवलेले असतात. दोन विरुद्ध पक्षांच्या प्रतिनिधींचे आकडे जुळले तर ते वापरायला हरकत नाही. जुळले नाहीत तर ती जागा कोरी ठेवा आणि 'आकडे उपलब्ध नाहीत' असं स्पष्ट लिहा.